रोबोटची त्वचा छापायची, तर शिकायचं काय?

बारावीचा निकाल लागला की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘पोराला रोबोटिक्समध्येच जायचंय, बंगळुरूला पाठवायचीही तयारी आहे. ही ब्रँच कुठे चांगली?’ माझं उत्तर अनेकांना रुचत नाही. रोबोटला स्पर्श कळावा म्हणून जे काम चाललंय, त्यात ‘रोबोटिक्स’ लिहिलेल्या पदवीपेक्षा शाई, प्लास्टिक आणि छपाई यांची जाण जास्त कामाला येते.

कॅमेऱ्यामुळे रोबोटला ग्लास दिसतो. तो हातातून निसटतोय की चिरडला जातोय, हे कळायला मात्र बोटांवर दाब ओळखणारी त्वचा लागते. तिची एक सोपी रचना अशी: पातळ प्लास्टिकच्या एका फिल्मवर चांदीच्या शाईने छापलेल्या आडव्या रेघा, दुसरीवर उभ्या, आणि मध्ये दाबल्यावर विद्युतरोध बदलणारा थर. १६ आडव्या आणि १६ उभ्या रेघांत २५६ ठिकाणचा दाब मोजता येतो, तोही फक्त ३२ तारांवर.

छपाई बऱ्याचदा स्क्रीन प्रिंटिंगनेच होते, आपल्याकडे लग्नपत्रिका छापतात त्याच पद्धतीने. फरक इतकाच, की इथे रेघ केसभर तुटली तरी सेन्सर मुका होतो. शाई पातळ झाली तर रेघ फुटते, घट्ट झाली तर जाळी तुंबते. मग भट्टी. चांदीचे कण एकमेकांना नीट धरायला उष्णता हवी, पण साधी पॉलिएस्टर फिल्म १५० अंश सेल्सिअसच्या आसपास आकसू लागते. हा पेच सोडवणारा माणूस या क्षेत्रात सोन्यासारखा. त्यानंतर तीच पट्टी हजारो वेळा वाकवून पाहायची. कंटाळवाणं वाटेल, पण खरी परीक्षा तिथेच होते.

बंगळुरूत हे काम कसं चालतं? तिथल्या सेंटर फॉर नॅनो अँड सॉफ्ट मॅटर सायन्सेस आणि जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू सेंटरच्या शास्त्रज्ञांनी कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, छपाईच्या साहाय्याने स्वस्त पारदर्शक इलेक्ट्रोड बनवले. त्यांतून घडवलेल्या सेन्सरला ९ सेंटिमीटर अंतरावरचं बोटही जाणवत होतं. तो सार्वजनिक यंत्रांच्या पडद्यांसाठी होता, रोबोटसाठी नव्हे. हातातलं कसब मात्र तेच.

म्हणून पदवीला पाया बघा. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत (आयसीटी) पॉलिमर किंवा सरफेस कोटिंग, पुण्यात पुणे विद्यार्थी गृहाच्या कॉलेजातलं प्रिंटिंग इंजिनिअरिंग, नाहीतर कुठल्याही चांगल्या कॉलेजातलं इन्स्ट्रुमेंटेशन, मटेरियल्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स. पुढे गेट ही प्रवेश परीक्षा देऊन इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला एम.टेक. करता येतं. तोवर सुट्टीत देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपसाठी जरूर अर्ज करा.

पैशांचं विचारायला संकोचू नका. गेटवरून एम.टेक. करताना महिना १२,४०० रुपये मिळतात, पीएच.डी.साठी ज्युनिअर रिसर्च फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० आहे, घरभाडं वेगळं. ‘रोबोटची त्वचा’ एवढ्याच कामाच्या नोकऱ्या आज आपल्याकडे थोड्या आहेत, हे मी लपवणार नाही. पण साखर तपासायच्या पट्टीवरचे इलेक्ट्रोड, गाडीच्या सीटवर कोणी बसलंय का हे ओळखणारी फिल्म, यंत्रांवरचे चपटे कीपॅड, हे सगळं याच छपाईतून निघतं. त्यामुळे हातात कला असलेल्या पोरापोरींची उपासमार होत नाही.

मुलाचा कल बघायला क्लासची चाचणी नको. ६बी पेन्सिलने कागदावर जाड पट्टा गिरवा, दोन्ही टोकांना मल्टिमीटर लावा आणि कागद वाकवा. पट्टा बाहेरच्या बाजूला ठेवून वाकवलात तर रोध वाढतो, आत ठेवलात तर कमी होतो. कागद सोडल्यावर आकडा बहुधा पहिल्या जागी नेमका येत नाही. ‘असं का?’ म्हणत जो मुलगा किंवा मुलगी जेवायची हाक येऊनही तिथून उठत नाही, त्याला किंवा तिला या वाटेला लावायला घाबरू नका.