कॅडेट म्हणजे नक्की कोण?

"हा एनसीसीत कॅडेट आहे. आता आर्मीचं पक्कं ना?" खुर्चीत टेकायच्या आधीच आईनं मला विचारलं. हातात लॅमिनेट केलेलं 'ए' सर्टिफिकेट. दहावीतला मुलगा खाली मान घालून बुटाच्या नाडीशी खेळत होता. पक्कं नाही, हे त्याला ठाऊक असावं.

घोळ आईचा नाही, शब्दाचा आहे. कॅडेट हा शब्द फ्रेंचमधून आला आणि तिथं त्याचा अर्थ होता घरातला धाकटा मुलगा. वतन थोरल्याकडे जायचं, मग धाकटा तलवार बांधून राजाच्या फौजेत अधिकारी व्हायला निघायचा. म्हणजे कॅडेट तेव्हाही अधिकारी नव्हता, वाटेवरचा होता. आपल्याकडे तर या वाटाच वेगवेगळ्या आहेत.

एनसीसीतला कॅडेट म्हणजे मराठीत छात्र. 1948 च्या कायद्यानुसार त्याच्यावर सैन्यात जायची सक्ती नाही, आणि त्याला घेण्याची सैन्यावरही नाही. फायदा होतो तो पुढे: पदवीला 50 टक्के आणि 'सी' सर्टिफिकेटला किमान 'बी' ग्रेड असेल, तर आर्मीच्या एनसीसी स्पेशल एन्ट्रीत लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीची, म्हणजे सेवा निवड मंडळाची, मुलाखत देता येते. सातारच्या सैनिक शाळेतली मुलंही कॅडेटच म्हणवतात. पण एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, परीक्षा त्यांनाही इतरांसारखीच द्यावी लागते.

खडकवासल्याच्या या एनडीएतला कॅडेट मात्र वेगळा. यूपीएससीची लेखी, पाच दिवसांची एसएसबी, मेडिकल, गुणवत्ता यादी एवढ्या चाळण्यांतून तो आलेला असतो. 2022 पासून मुलीही. तीन वर्षं, सहा टर्म, सोबत जेएनयूची पदवी, आणि ज्याची गोष्ट प्रत्येक माजी कॅडेट रंगवून सांगतो तो 'रगडा', म्हणजे शिक्षेची कसरत. एवढं करूनही तो अधिकारी नसतो. खर्च सरकारचा, पण पगार नाही. पुढे डेहराडूनच्या आयएमएत, म्हणजे भारतीय सैन्य अकादमीत, गेला की महिना 56,100 रुपये विद्यावेतन सुरू होतं. खांद्यावरच्या ताऱ्यांचा मान त्यानंतर, पासिंग आउट झाल्यावर.

गंमत बघा, बेळगावच्या मराठा सेंटरला भरती झालेल्या अग्निवीराला कुणी कॅडेट म्हणत नाही, तो रंगरूट. पण त्याचं महिना 30,000 रुपयांचं पॅकेज पहिल्याच वर्षापासून सुरू. त्यातले 21,000 हातात. चार वर्षांनी मात्र चौघांतला जास्तीत जास्त एकच कायम होतो. पालकांनी 'नोकरी' आणि 'कॅडेट' हे शब्द एकाच श्वासात घेऊ नयेत, असं मी म्हणतो ते यासाठी.

एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: प्रशिक्षणात गुडघा किंवा मणका कायमचा गेला तर? वैद्यकीय कारणानं बाहेर पडलेला कॅडेट माजी सैनिक धरला जात नाही, कारण त्याला कमिशन मिळालेलं नसतं. दरमहा सानुग्रह रक्कम मिळते, पेन्शन नाही. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या मुलांची दखल स्वतःहून घेतली. घाबरवायला सांगत नाही. पण एवढं माहीत असताना प्रवेशाच्या कागदांवर सही करणं वेगळं.

आई जरा गप्प झाल्या. "मग आता याचं काय करू?"

मी मुलाकडे वळलो. "अकरावीला काय घेणार?"

"आर्ट्स."

एनडीएच्या आर्मी विंगला बारावीची कुठलीही शाखा चालते. पण लेखी परीक्षेत 900 पैकी 300 गुण गणिताचे, चुकीच्या उत्तराला गुण कापतात, आणि शाखा कुठलीही असो, तो पेपर सगळ्यांना सारखाच. हे सांगितल्यावर त्यानं पहिल्यांदा मान वर केली.

"सर, नेव्हीला फिजिक्स लागतंच का?"

"लागतंच. केमिस्ट्री आणि गणितही."

त्यानं आईच्या हातातलं सर्टिफिकेट घेतलं, फाइलमध्ये ठेवलं आणि खिशातून पेन काढलं.