सर्व्हेयरने लिहिलेल्या युद्धकथा

सर्व्हे कॅम्पला थिओडोलाइट खांद्यावर टाकून टेकडी चढताना आपण सगळेच वैतागतो. डोक्यावर ऊन, पायात काटे आणि संध्याकाळी गणित जुळत नाही म्हणून सरांची बोलणी! आता कल्पना करा, हेच काम चालू आहे आणि समोरच्या झाडीतून गोळ्या येताहेत. अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाने तरुणपणी हे काम केलं होतं.

१८६१ साली अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध पेटलं. गुलामगिरीचा प्रश्न त्याच्या मुळाशी होता. बिअर्स तेव्हा अठरा वर्षांचा, म्हणजे आपल्या फर्स्ट इयरच्या पोरांएवढा. उत्तरेच्या फौजेत तो साधा शिपाई म्हणून भरती झाला. १८६३ मध्ये त्याला जनरल हेझनच्या हाताखाली नकाशे बनवणारा अधिकारी नेमलं. रस्ते, ओढे, पूल, चढउतार कागदावर उतरवायचे. १८६४ च्या जूनमध्ये केनेसॉ डोंगराजवळ त्याच्या डोक्यात गोळी लागली, त्यातून तो वाचला. गाजलेल्या युद्धकथा मात्र त्याने पुढे पंचवीसेक वर्षांनी लिहिल्या.

माझ्या रूम पार्टनरला एसएसबी द्यायची आहे. मी त्याला यातल्या दोन कथा वाचायला दिल्या. रात्री मेसमध्ये तो म्हणाला, "हा माणूस आर्मीच्या विरोधात आहे." मला ते पटलं नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

त्याची सगळ्यात प्रसिद्ध कथा आहे आउल क्रीकच्या पुलाची (१८९०). पेटन फारक्वार हा दक्षिणेचा जमीनदार. रेल्वेचा पूल जाळायच्या बेतात पकडला जातो आणि त्याच पुलावर त्याला फाशी द्यायची असते. बिअर्स इथे भावनेत शिरतच नाही, आधी रचना सांगतो. स्लीपरांवर एक फळी आडवी टाकलेली. तिच्या एका टोकाला गळ्यात दोर घातलेला कैदी. दुसऱ्या टोकाला आधी कॅप्टन उभा होता, त्याच्या वजनाने फळी तोलून राहिली होती. आता त्याची जागा सार्जंट घेतो. कॅप्टनची खूण झाली की सार्जंटने फक्त बाजूला व्हायचं. मेकॅनिक्सच्या पहिल्याच युनिटमधली तरफ!

या दृश्यात कुणीच क्रूर वागत नाही, हे नीट बघा. कुणी शिवी देत नाही, कुणी हसत नाही. प्रत्येक जण आपल्या जागेवर नियमाप्रमाणे उभा आहे. माणूस मरतो तो कुठे काही बिघडलं म्हणून नाही, तर सगळं व्यवस्थित चाललं म्हणून. माझ्या मते बिअर्सचं लष्कराबद्दलचं म्हणणं हेच आहे. (शेवट मुद्दाम सांगत नाही, स्वतः वाचा.)

कूल्टरच्या तोफांची कथा याहून कठीण आहे. कॅप्टन कूल्टरला हुकूम मिळतो की खिंडीतून समोरच्या घराजवळच्या शत्रूच्या तोफा उडव. तो क्षणभर घुटमळतो आणि मग अचूक मारा करतो. ते घर त्याचं स्वतःचं होतं, आत बायको आणि मूल होतं, हे वाचणाऱ्याला नंतर कळतं. हुकूम देणाऱ्या जनरलच्या मनात जुना राग होता, असंही बिअर्स सुचवतो. पण कूल्टरला तो भित्रा किंवा मूर्ख ठरवत नाही. तो उत्तम तोफची आहे, आणि घात तिथेच होतो.

धैर्याची तो थट्टाही करत नाही. पण मटेरियलला असतो तसा धैर्यालाही अल्टिमेट लोड असतो, एवढं तो दाखवतो. जेरोम सिअरिंग हा निधड्या छातीचा टेहळ्या. एक तोफगोळा येऊन इमारत कोसळते, तो ढिगाऱ्यात अडकतो आणि त्याच्याच बंदुकीची नळी त्याच्या कपाळावर रोखली जाते. जरा हललं की चाप दबेल! शेवटी असह्य होऊन तो स्वतःच फळीने चाप दाबतो. बंदूक तर इमारत कोसळतानाच उडून गेलेली असते. तरीही तो मरतो, निव्वळ भीतीने. घड्याळाचा हिशेब लावला तर हे सगळं बावीस मिनिटांत घडतं. धुळीने माखलेला तो देह बघून त्याचाच सख्खा भाऊ समजतो, की शत्रूचा शिपाई आठवड्यापूर्वी मेला असावा.

आता पार्टनरच्या मुद्द्याकडे येतो. बिअर्स शांततावादी नव्हता. युद्धानंतर त्याने सैन्यात कायमची नोकरी मिळावी म्हणून प्रयत्न केले होते. सेकंड लेफ्टनंटचं पद मिळत होतं, ते अपेक्षेपेक्षा खालचं म्हणून त्याने नाकारलं. म्हणजे लष्कर त्याला नको होतं असं नाही. त्याचा राग होता तो घरी बसून युद्धाची गाणी गाणाऱ्यांवर, आणि पुढे काय आहे ते न बघता माणसं पाठवणाऱ्या वरिष्ठांवर. मे १८६४ मध्ये पिकेट्स मिलला त्याच्या ब्रिगेडला एकटीलाच पुढे लोटलं गेलं. त्यावर लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच त्याने त्याला 'गुन्हा' म्हटलं आहे. नकाशा काढणाऱ्या माणसाला हे जास्तच झोंबलं असणार!

१९१३ साली, एकाहत्तराव्या वर्षी, बिअर्स पुन्हा त्या जुन्या रणभूमींवर फिरून आला. तिथून तो मेक्सिकोत गेला, जिथे तेव्हा क्रांतीची लढाई चालू होती. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही.

पार्टनरने अजून हार मानलेली नाही. कूल्टरने तोफ डागायला नको होती का, या प्रश्नावर आमचं काल रात्री दोनपर्यंत चाललं होतं. शेवटी शेजारच्या रूमवाल्यांनी भिंत ठोकली.