शेतकऱ्याच्या खिशांतील चाकू : खटका, पोलाद व मूठ

कोयता किंवा खुरपें घेतांना आपला शेतकरी लोहारापुढें बसून तें हातांत तोलून पाहतो, नखानें धार अजमावितो आणि मगच दाम मोजतो. परंतु तोच गृहस्थ कल्याणच्या बाजारांत मिटविण्याचा चाकू घेऊं लागला म्हणजे केवळ चकाकीवर भुलतो. वस्तु लहान खरी. तथापि कलम बांधणें, डोळा भरणें, सुतळी कापणें, भाजीची जुडी सोडविणें हीं कामें दिवसांत अनेक वेळां तिच्याकडेच येतात. यास्तव तिची पारख येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम खटक्याचा विचार करूं. कारण त्याची किंमत आम्हीं स्वतः मोजली आहे. मिटणाऱ्या चाकूचें पातें एका खिळ्याभोंवतीं फिरतें. आपण कांहीं कापतों तेव्हां दाब धारेच्या बाजूनें येतो व पातें उघडेंच राहतें. उलट टोंक खुपसलें, कांहीं उचकटलें किंवा पाठीवर आघात झाला, तर पातें मिटूं पाहतें. आणि मिटण्याच्या वाटेवर आपलीं बोटें असतात. साध्या चाकूंत ही वाट अडविण्यास मुठीच्या पाठीशीं बसविलेली कमान एवढेंच साधन असतें. ती पातें ओढून धरते, बांधून ठेवीत नाहीं. खटक्याच्या एका जातींत पाठीवरील दांडीचें नाक पात्याच्या बुंध्यांतील खांचेंत पडतें व दांडी दाबल्यावांचून निघत नाहीं. दुसऱ्या जातींत मुठीच्या आंतील पातळ पट्टी बाजूस सरून बुंध्यास टेकू देते. तिसरी रीत सर्वांत सोपी. फ्रान्समधील सावॉय प्रांतांत झोझेफ ओपिनेल यानें १८९० सालीं लांकडी मुठीचा चाकू काढला. त्यास १९५५ पासून फिरतें कडें बसवितात. कडें फिरविलें कीं पातें जखडलें.

आमचा चाकू पहिल्या जातीचा होता. सेवानिवृत्तीनंतरच्या पहिल्याच श्रावणांत ठाकुर्लीस आमच्या वाडींत (इमारतींच्या गर्दींत ती अद्याप उरली आहे) कोयकलमांचें काम चाललें होतें. गोणीचें तोंड उसवावें म्हणून आम्हीं चाकूचें टोंक शिवणींत घालून उचकटलें, तोंच पातें मिटलें. खटका मोडला नव्हता. खांचेंत तागाचे तंतु व चिखल दाटून बसल्यामुळें दांडीचें नाक पुरतें उतरलेंच नव्हतें. उघडतांना नेहमींचा ‘खट्’ आवाज झाला नाहीं हें आमच्या ध्यानांत आलें होतें. पण घाई होती. उजव्या तर्जनीची कंडरा तुटली. शेवटचें पेर आज वाकत नाहीं, आणि जन्मभर सातबाराच्या नकला उतरलेल्या हातास आतां लेखणी मधल्या बोटावर धरावी लागते.

तेव्हां खांच महिन्यांतून एकदां काडीनें कोरून तेलाचा एक थेंब सोडावा. घेतांना पातें उघडून, बोटें वाटेंतून दूर ठेवून, पात्याची पाठ लांकडावर टेकून दाबून पाहावी. पातें लवलें तर चाकू परत करावा. कळ दाबतांच पातें उडविणारा चाकू शेतकऱ्याच्या कामाचा नाहीं. नऊ इंचांहून लांब अथवा दोन इंचांहून रुंद पातें १९५९ च्या शस्त्रकायद्याच्या कक्षेंत येतें. घरगुती व शेतीच्या कामासाठीं केलेलीं हत्यारें वगळलीं आहेत.

पोलादाविषयीं दुकानदारास बहुधा ‘स्टेनलेस’ हा एकच शब्द ठाऊक असतो. पण चमचाही स्टेनलेसच असतो, आणि त्यास कोणी धार लावीत नाहीं. पोलाद कठीण होतें तें त्यांतील कार्बनामुळें व त्यास दिलेल्या पाण्यामुळें. गंज अडवितें तें क्रोमियम, आणि तें निदान साडेदहा टक्के असावें लागतें. इंग्लंडांत शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यानें १९१३ सालीं असें पोलाद सिद्ध केलें. साधें कार्बनी पोलाद निसण्यावर लवकर धार घेतें, परंतु आमच्या ठाणें जिल्ह्याच्या पावसाळ्यांत एका रात्रींत तांबूस होतें. डाळिंबाच्या सालीचा रस लागल्यास तें काळें पडतें; हिरडा व हिराकस यांची शाई ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हा रंग ओळखीचा वाटेल, कारण दोहोंकडे तुरट रस व लोखंड यांचाच मेळ आहे. जो रोज पातें पुसून खोबरेलाचा हात फिरवील त्यानें साधें पोलाद घ्यावें. ज्याचा चाकू ओल्या सदऱ्याच्या खिशांत तसाच राहतो त्यानें स्टेनलेस घेऊन निसण्यास अधिक वेळ द्यावा. आम्ही या दुसऱ्या वर्गांतले आहों.

कलमाचा चाकू मात्र निराळा. दापोलीच्या कृषिविद्यापीठानें कोंकणांत रूढ केलेल्या कोयकलमांत तांबूस कोवळ्या रोपाच्या खोडास चार-पांच सेंटिमीटर उभी चीर देऊन तेवढीच पाचर बसवावयाची असते. पाचरेचे गाल सपाट असले तरच सालीशीं साल मिळते. म्हणून या पात्यास एकाच बाजूनें उतार असतो. डावखुऱ्यानें उलट उताराचा मागून घ्यावा. फिरत्या धारवाल्याकडे हा चाकू देऊं नये, तो दोन्ही बाजू घासून ठेवतो. उताराची बाजू तेवढी निसावी, आणि सपाट बाजूस वळलेली कोर दगडावर पातें सपाट टेकून काढावी. येथें सारा दाब धारेवरच येत असल्यामुळें खटका नसला तरी चालतें. डोळा भरण्याच्या चाकूस साल उचलण्यासाठीं हाडाची वा पितळेची बोथट पट्टी असते. तिचें काम टोंकानें भागवूं नये.

मुठीविषयीं थोडकेंच. शिसवी किंवा सागवानी मूठ हातास गोड लागते, पण तेल न दिल्यास पावसाळ्यांत फुगून पातें आवळते. शिंगाची मूठ देखणी. मात्र तिला कीड लागते. नायलॉनची कुजत नाहीं. ती खरखरीत असावी, नाहींतर चिखलाच्या हातांतून निसटते. रंग तांबडा वा पिवळा पाहावा. काळ्या मुठीचा आमचा एक चाकू आषाढांत बांधावरील गवतांत पडला, तो कार्तिकांत गवत कापणाऱ्यांस सांपडला. कमान गंजून घट्ट झाली होती, मूठ जशीच्या तशी होती.