निर्मळ पाण्यातील कोडे

अमेरिकेच्या पश्चिम भागात रॉकी नावाची प्रचंड पर्वतरांग आहे. तिच्या पूर्व पायथ्याशी, पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखराजवळ, कोलोरॅडो स्प्रिंग्ज हे नगर वसलेले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील कोरड्या, आल्हाददायक हवेची ख्याती दूरवर पसरली होती. क्षयाने पीडलेले रुग्ण मुद्दाम तेथे येऊन राहत. हवेप्रमाणेच तेथील पाणीही उत्तम समजले जाई. पर्वतावरील बर्फ वितळून जे ओढे वाहत येत, त्यांचे पाणी थंड, चवदार आणि स्फटिकासारखे स्वच्छ असे.

इ. स. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचे एक तरुण दंतवैद्य या नगरात व्यवसाय करण्यासाठी आले. त्यांचे शिक्षण नुकतेच पुरे झाले होते. दाताच्या नाना रोगांची माहिती त्यांनी ग्रंथांतून वाचली होती. परंतु येथे येताच त्यांच्या दृष्टीस जे पडले, त्याचा उल्लेख कोणत्याही ग्रंथात नव्हता. येथे जन्मलेल्या व वाढलेल्या पुष्कळ लोकांच्या दातांवर तपकिरी डाग होते. कोणाच्या दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके, कोणाच्या पिवळसर पट्टे, तर कोणाचे सबंध दात चॉकलेटच्या रंगाचे. हे डाग घासून जात नसत. ते दाताच्या वर बसलेले नसून दातातच मुरलेले असत.

मॅके यांनी गावातील इतर दंतवैद्यांकडे चौकशी केली. ते लोक हसून सोडून देत. डाग आहेत हे सर्वांना ठाऊक होते. पण जी गोष्ट रोज डोळ्यांपुढे असते, तिच्याविषयी प्रश्न विचारावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. कोणी म्हणे, हे लोक डुकराचे मांस फार खातात त्यामुळे असे होते. कोणी दुधाला दोष देई. कोणी पाण्यालाही देई. मॅके मात्र स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी टिपणे काढण्यास आरंभ केला.

त्या काळी शिकागो येथील डॉ. ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक हे दंतवैद्यकातील श्रेष्ठ पंडित म्हणून ओळखले जात. मॅके यांनी त्यांना पत्र लिहून या डागांची हकीकत कळविली. इतका सार्वत्रिक विकार असून त्याची नोंद कोठेच नाही, यावर डॉ. ब्लॅक यांचा प्रथम विश्वासच बसेना. अखेर १९०९ मध्ये ते स्वतः कोलोरॅडो स्प्रिंग्जला आले. तेथील मुलांची तपासणी करण्यात आली होती, आणि तीत गावात जन्मलेल्या शंभर मुलांपैकी जवळजवळ नव्वद मुलांचे दात डागाळलेले आढळले होते. डॉ. ब्लॅक रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांचे दात पाहत आणि थक्क होत. त्यानंतर सहा वर्षे, म्हणजे १९१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्यांनी या विकाराचा अभ्यास केला.

या अभ्यासातून दोन महत्त्वाच्या गोष्टी निष्पन्न झाल्या. दाताच्या वरच्या टणक, पांढऱ्या कवचाला इनॅमल म्हणतात. पक्क्या दातांचे हे कवच ते हिरडीच्या आत असतानाच, लहानपणी, हळूहळू तयार होते. ज्यांचे दात बाहेरगावी तयार झाले आणि जे मोठेपणी या गावात राहावयास आले, त्यांच्या दातांना डाग पडत नसत. डाग पडत ते येथेच लहानाचे मोठे झालेल्यांच्या दातांना. म्हणजे हा विकार दात घडत असताना जडणारा होता. दात एकदा पुरता घडला की मग त्यास भय नव्हते. दुसरी गोष्ट अधिक नवलाची होती. हे डागाळलेले, कुरूप दात सहसा किडत नसत! असे का व्हावे, हे कोणासच सांगता येईना.

मॅके यांचा संशय पाण्यावर होता. या संशयाला आधार होता तो साध्या निरीक्षणाचा. एकाच गावात श्रीमंताचे अन्न वेगळे, गरिबाचे वेगळे. घरे वेगळी, कामे वेगळी. डाग मात्र दोघांच्याही मुलांना सारखेच. मग या सर्वांमध्ये समान असे काय होते? सर्वजण पीत होते ते पाणी. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. रसायनशाळेत पाणी तपासून घ्यावे, तर त्यात आक्षेपार्ह असे काहीच निघत नसे.

इ. स. १९२३ मध्ये मॅके यांना आयडाहो राज्यातील ओकली या लहानशा गावातून बोलावणे आले. तेथील मुलांच्या दातांवर अलीकडेच डाग दिसू लागले होते, आणि आईबापांनी एक गोष्ट बरोबर हेरली होती. पाच मैलांवरील एका कोमट झऱ्याचे पाणी नळाने गावात आणले, त्यानंतरच हे डाग दिसू लागले होते. मॅके यांनी त्या झऱ्याचे पाणी तपासविले. निष्कर्ष तोच: पाणी निर्दोष! एखादा मनुष्य येथे हात टेकून परत गेला असता. मॅके यांनी मात्र रसायनशाळेच्या कागदापेक्षा मुलांच्या दातांची साक्ष अधिक मोलाची मानली. हा नळ सोडून द्यावा आणि जवळच्या दुसऱ्या झऱ्याचे पाणी घ्यावे, असा सल्ला त्यांनी गावकऱ्यांना दिला. नवा नळ घालणे हे लहान गावाला सोपे नव्हते. खर्च मोठा होता आणि पुरावा हाती काहीच नव्हता. तरीही गावकऱ्यांनी तो सल्ला मानला. काही वर्षांनी तेथील धाकट्या मुलांचे पक्के दात आले, ते शुभ्र आले.

आता पाणी दोषी आहे, याविषयी मॅके यांना शंका उरली नाही. पण पाण्यात दोषी काय आहे?

आर्कान्सा राज्यात बॉक्साइट नावाचे एक गाव आहे. ॲल्युमिनियमचे जे खनिज तेथे सापडते, त्याचेच नाव गावाला पडलेले आहे. हे गाव एका मोठ्या ॲल्युमिनियम कंपनीने आपल्या कामगारांसाठी वसविले होते. तेथे प्रथम उथळ विहिरींचे पाणी असे. पुढे खोल विहिरी खोदून त्यांचे पाणी पुरविण्यात येऊ लागले, आणि त्यानंतर वाढलेल्या मुलांचे दात डागाळू लागले. तेथून अवघ्या पाच मैलांवरील दुसऱ्या गावी मात्र या विकाराचा मागमूसही नव्हता. मॅके आणि सरकारी आरोग्य खात्यातील डॉ. ग्रोव्हर केंफ यांनी तेथे जाऊन पाहणी केली व आपला वृत्तांत प्रसिद्ध केला.

हा वृत्तांत कंपनीचे प्रमुख रसायनशास्त्रज्ञ चर्चिल यांच्या हाती पडला. ते अस्वस्थ झाले. ॲल्युमिनियमच्या भांड्यांत शिजविलेले अन्न विषारी होते, अशी आवई त्या वेळी उठलेली होती. आता या डागांचे खापरही ॲल्युमिनियमवर फुटेल, अशी त्यांना भीती वाटली. आपल्या मालावरील बालंट टळावे, एवढ्याच हेतूने त्यांनी बॉक्साइटचे पाणी बारकाईने तपासण्याचे ठरविले. नेहमीची परीक्षा न करता त्यांनी वर्णपटाची परीक्षा करविली. तिचे वैशिष्ट्य असे, की तीत आपण अमुकच पदार्थ शोधावयाचा असे ठरवून बसावे लागत नाही. प्रत्येक मूलद्रव्याचा प्रकाश निराळा असतो. पाण्यात जे काही असेल, ते आपल्या प्रकाशाने स्वतःचे नाव सांगते.

या परीक्षेत जे नाव निघाले, ते कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. त्या पाण्यात फ्लोरीन होते. म्हणजे फ्लोरीनचे क्षार, ज्यांना फ्लोराइड म्हणतात, ते होते. चर्चिल यांना हे खरेच वाटेना. नमुना दूषित झाला असला पाहिजे असे समजून त्यांनी दुसरा नमुना तातडीने मागविला. त्यातही फ्लोराइड निघाले. त्याचे प्रमाण दहा लाख भाग पाण्यात सुमारे १३.७ भाग, म्हणजे एक लिटर पाण्यात १३.७ मिलिग्रॅम इतके होते. इ. स. १९३१ च्या जानेवारीत चर्चिल यांनी मॅके यांना पत्र लिहून ही वार्ता कळविली आणि जेथे जेथे डागांचा विकार आहे, तेथील पाणी पाठविण्याची विनंती केली. मॅके यांनी बाटल्या पाठविल्या. बहुतेक वर्षे ज्या कोड्याने त्यांना झपाटून टाकले होते, ते तीस वर्षांनंतर सुटले. त्याच वर्षी ॲरिझोना येथील शास्त्रज्ञांनीही उंदरांवर प्रयोग करून हीच गोष्ट स्वतंत्रपणे सिद्ध केली.

मग आधीच्या रसायनशाळांना फ्लोराइड का सापडले नाही? त्या शाळांची काही हयगय झाली नव्हती. पाण्यात मीठ किती, चुना किती, लोह किती, हे त्या पाहत. फ्लोराइड कोणी पाहतच नसे. जे शोधावयास सांगितलेले नाही, ते अशा परीक्षेत दिसत नाही. ‘पाण्यात काही निघाले नाही’ या वाक्याचा अर्थ ‘जे शोधले ते निघाले नाही’ एवढाच असतो.

हे फ्लोराइड पाण्यात येते तरी कोठून? ते खडकातून येते. ग्रॅनाइटसारख्या काही खडकांत फ्लोरीनयुक्त खनिजे असतात. पाऊस पडतो, पाणी भेगांतून खाली झिरपते, आणि वर्षानुवर्षे खडकाच्या संगतीत राहून त्याचा अंश स्वतःमध्ये विरघळवून घेते. पाणी जितके खोल, जितके जुने आणि जितके उष्ण, तितकी ही विरघळण्याची क्रिया बहुधा अधिक. म्हणूनच ओकलीचा कोमट झरा आणि बॉक्साइटच्या खोल विहिरी दोषी ठरल्या. ओढ्याचे पाणी लवकर वाहून जाते, त्यामुळे त्यात फ्लोराइड सहसा कमी असते. पण पाइक्स पीकच्या ग्रॅनाइटात ही खनिजे इतकी विपुल आहेत, की तेथील ओढ्यांचे पाणीही त्यातून सुटले नाही. आणखी एक गंमत अशी, की पाण्यात चुना भरपूर असला तर तो फ्लोराइडला बांधून खाली बसवितो. ज्या पाण्यात डाळ चटकन शिजते आणि साबणाला फेस भरपूर येतो, त्या मृदू पाण्यात चुना थोडा असतो. त्यामुळे असे गृहिणींच्या पसंतीचे पाणीच कित्येकदा फ्लोराइडने अधिक भरलेले असते.

पुढे अमेरिकेतील डॉ. ट्रेंडली डीन यांनी गावोगावच्या पाण्याची आणि मुलांच्या दातांची तुलना केली. लिटरमध्ये सुमारे एक मिलिग्रॅम फ्लोराइड असेल, तर डाग फारसे पडत नाहीत आणि दातही कमी किडतात, असे त्यांना दिसून आले. डागाळलेले दात किडत का नाहीत, याचा उलगडा अशा रीतीने झाला. अल्प प्रमाणात जे हितकर, तेच अधिक प्रमाणात अपायकारक. भारतात पिण्याच्या पाण्यासाठी फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम ठरविलेली आहे. दुसरे पाणी मिळणे शक्यच नसेल, तर ती १.५ पर्यंत चालवून घेतात.

अमेरिकेतील प्रश्न दातांच्या डागांचा होता. भारतात त्याचे अधिक भयंकर रूप प्रकट झाले. इ. स. १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास प्रांतातील नेल्लोर जिल्ह्यात शॉर्ट, चिंतामण गोविंद पंडित आणि राघवाचारी या शास्त्रज्ञांनी फ्लोराइडच्या विकाराची नोंद केली. तेथे दात तर डागाळत होतेच. पण वर्षानुवर्षे तेच पाणी प्यालेल्या मोठ्या माणसांचे सांधे आखडत, पाठीचा कणा ताठ होई, आणि कित्येकांना वाकणे वा मान वळविणेही अशक्य होई. दातांवरील डाग मोठेपणी पडत नाहीत हे खरे. पण हाडांना तसे अभय नाही. फ्लोराइड त्यांत आयुष्यभर साठत राहते. या अभ्यासात भाग घेणारे डॉ. पंडित हे पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले.

महाराष्ट्रातही हा दोष आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड मर्यादेपेक्षा अधिक आढळलेले आहे. टंचाईच्या काळात उथळ विहिरी आटल्या, म्हणून खोल विंधनविहिरी घेण्यात आल्या. पाणी मिळाले, तेही वर्षभर मिळाले. पण त्यांपैकी काहींच्या पाण्याबरोबर फ्लोराइडही वर आले. बॉक्साइट गावी जे घडले होते, तेच येथेही घडले. हे पाणी उकळून उपयोग होत नाही. उकळताना पाण्याची वाफ होऊन जाते, फ्लोराइड भांड्यातच राहते. त्यामुळे त्याचे प्रमाण उलट किंचित वाढते. फडक्याने गाळूनही ते निघत नाही. यावर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने एक उपाय शोधून काढला. नलगोंडा या फ्लोराइडपीडित जिल्ह्यावरून त्यास ‘नलगोंडा पद्धती’ असे नाव पडले. पाण्यात मोजून चुना आणि तुरटी घालावयाची, पाणी ढवळावयाचे आणि स्थिर राहू द्यावयाचे. त्यात पांढरे पुंजके तयार होतात व फ्लोराइडला घेऊन तळाशी बसतात. मग वरचे पाणी अलगद काढून घेतात. तुरटी किती घालावी हे मात्र अंदाजाने ठरविता येत नाही. ते पाण्याच्या तपासणीवर अवलंबून असते. आणि जेथे गावातच एखादी निर्दोष विहीर असते, तेथे पिण्यासाठी तिचेच पाणी घेणे हा सर्वांत सोपा उपाय होय.

म्हणून प्रत्येक विहीर वेगळी तपासावी लागते. एकाच गावात, शंभर पावलांच्या अंतरावर, एक विहीर चांगली आणि एक वाईट असू शकते. दोन्हींच्या पाण्याचा रंग व चव तीच. नमुन्यासाठी काचेची नव्हे, तर प्लास्टिकची स्वच्छ बाटली घेतात, कारण फ्लोराइडचा काचेशी संबंध येऊ देणे इष्ट नसते. बाटली प्रथम त्याच पाण्याने दोनतीन वेळा विसळतात, मग भरतात, आणि तिच्यावर गाव, विहिरीची जागा, खोली व तारीख लिहितात. तपासणीच्या एका प्रकारात या पाण्यात लालसर औषधाचे मोजके थेंब टाकतात. फ्लोराइड नसेल, तर पाण्याचा लाल रंग तसाच राहतो. असेल, तर तो फिका होत पिवळ्याकडे झुकतो. जितके फ्लोराइड अधिक, तितका पिवळा. हा रंग ठराविक रंगांच्या पट्टीशी ताडून पाहतात, आणि त्या विहिरीपुढे वहीत आकडा लिहितात.