केदारनाथी दिवाळीपूर्वीचा हिमवर्षाव

श्रीकेदारनाथाचे मंदिर भाऊबीजेस बंद होऊन उत्सवमूर्ती ऊखीमठास नेली जाते. पण हिम तिथीची वाट पाहत नाही. आश्विनातही ते पडते. बाष्पयुक्त वारे मंदाकिनीच्या अरुंद खोऱ्यातून वर चढतात, चढताना निवतात आणि शिखरांच्या कुशीत ढग दाटतात. दर हजार मीटर उंचीस तापमान सुमारे ६ अंशांनी उतरते. गौरीकुंड सुमारे १,९८० मीटरवर, तर मंदिर सुमारे ३,५८० मीटरवर आहे. म्हणून खाली पाऊस असता वर हिम पडत असते. पलीकडच्या खोऱ्यात त्याच वेळी ऊनही असू शकते! गौरीकुंडाचे आकाश पाहून निघणाऱ्या भाविकांची, विशेषतः वृद्धांची, वाटेत फसगत होते. यात्रेकरूंनी लोकरी वस्त्रे व रेनकोट जवळ बाळगावेत. पहाटेच निघावे, कारण ढग बहुधा दुपारनंतर दाटतात.