वडिलांना घरी एनिमा द्यावा का?

प्रश्न : वडील 72 वर्षांचे, मूत्रपिंडाचा विकार आहे. चार दिवस शौचाला झालेलं नाही. दुकानातला तयार एनिमा देऊ का? – एक वाचक, सदलगा

उत्तर : नका देऊ. त्या बाटलीत बहुधा सोडियम फॉस्फेट असतं. दुबळ्या मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही. रक्तातलं फॉस्फेट वाढतं, कॅल्शियम घसरतं आणि जिवावर बेतू शकतं. साबणाचं पाणी तर कोणालाच देऊ नये, आतड्याच्या अस्तराला इजा होते. डॉक्टरांनी सुचवलाच, तर त्यांनी सांगितलेलाच एनिमा द्या : डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, नळीला वंगण, जोर अजिबात नको. वडिलांना आजच डॉक्टरांना दाखवा. पोट फुगलं, उलट्या झाल्या, वारा सरेना किंवा रक्त पडलं, तर लगेच चिकोडी-निपाणीचं रुग्णालय गाठा.