दुबईची गाडी ब्रिटनच्या रस्त्यावर

दुबईचा मुक्काम हलवून ब्रिटनमध्ये कायमचं राहायला जाताना दारातली गाडी सोबत नेता येते, आणि अटी पाळल्या तर तिच्यावर आयातीचा करही पडत नाही. फक्त कामांचा क्रम चुकता कामा नये. गाडी जहाजावर चढायच्या आधी तिचे कागद मार्गी लागलेले हवेत.

सुरुवात करमाफीपासून करा. ब्रिटनचं कर खातं, म्हणजे एचएमआरसी, यांच्याकडे ‘ट्रान्स्फर ऑफ रेसिडेन्स’चा ऑनलाइन अर्ज करायचा. तुम्ही सलग १२ महिने तरी ब्रिटनबाहेर राहिलेले हवेत आणि गाडी निदान ६ महिने तुमच्या मालकीची व वापरातली हवी. मंजुरीबरोबर एक क्रमांक येतो. तो बंदरावरच्या एजंटाला द्या. हा क्रमांक नसला तर १० टक्के शुल्क आणि शुल्क धरून झालेल्या रकमेवर २० टक्के व्हॅट भरावा लागतो. जहाजभाड्यासकट गाडीची किंमत १०,००० पौंड धरली, तर १,००० शुल्क आणि २,२०० व्हॅट, असे ३,२०० पौंड जातात. माफी घेतलेली गाडी पुढचे १२ महिने विकता येत नाही, भाड्याने किंवा कुणाला वापरायलाही देता येत नाही. लवकरच विकायचा विचार असेल तर ती दुबईतच विका.

दुबईत गाडीचं कर्ज फेडून बँकेची एनओसी घ्या, दंड भरा आणि आरटीए या तिथल्या वाहतूक खात्याकडून निर्यातीचं प्रमाणपत्र काढा. मुलकिया, म्हणजे गाडीचं तिथलं नोंदणीपत्र, रद्द होण्याआधी तिची दोन्ही बाजूंची प्रत काढून ठेवा. गाडी कधी तयार झाली, याचा पुरावा ब्रिटनमध्ये लागतो. कागदांवर ती तारीख स्पष्ट नसेल तर कंपनीचं पत्र आत्ताच मागवा.

आता खुद्द गाडी. १० वर्षांहून जुनी असेल तर ब्रिटनची आयव्हीए ही तपासणी तिला लागत नाही. त्याहून नवी असेल तर वैयक्तिक आयातीसाठी ‘बेसिक’ आयव्हीए असते. डावीकडचं स्टिअरिंग चालतं, अडतं ते दिव्यांवर. आखातातल्या गाडीच्या हेडलाइटचा झोत उजवीकडे झुकतो. डावीकडून चालणाऱ्या ब्रिटनमध्ये तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्यामुळे ब्रिटिश मॉडेलचे हेडलाइट बसवून घ्या. मागचा फॉग लाइट मध्ये किंवा उजवीकडे हवा, आणि आखातातल्या गाडीला एकच असेल तर तो बहुधा डावीकडे असतो. स्पीडोमीटरवर मैल दिसले पाहिजेत. दुबईत अमेरिकेहून आलेल्या गाड्याही फिरतात आणि त्यांतल्या काहींचे मागचे इंडिकेटर लाल असतात. ब्रिटनमध्ये ते नारिंगीच लागतात. यासाठी काय खर्च येईल, हे जहाजाचं भाडं भरण्याआधी विचारा. साध्या, स्वस्त गाडीच्या बाबतीत हा हिशेब अनेकदा जमत नाही, आणि मग मोह आवरलेला बरा.

दुबईच्या जेबेल अली बंदरातून गाडी कंटेनरमधून किंवा रोरो जहाजाने जाते. रोरोमध्ये ती चालवतच आत नेतात. तिच्यात घरचं सामान भरू नका. प्रवासाचा विमा जरूर घ्या आणि निघताना चारही बाजूंचे फोटो काढा.

गाडी ब्रिटनला पोचली की १४ दिवसांच्या आत एचएमआरसीच्या ‘नोव्हा’ यंत्रणेत तिची नोंद झाली पाहिजे. करमाफी मिळाली असली तरी ही नोंद सुटत नाही, आणि ती नसेल तर पुढे नंबरच मिळत नाही. एजंट करणार आहे का, हे त्याला स्पष्ट विचारा. गृहीत धरू नका.

मग चासी नंबरावर विमा उतरवा आणि लागू असेल तशी आयव्हीए करून घ्या. गाडी ३ वर्षांहून जुनी असेल तर एमओटी ही रस्त्यावर चालण्याच्या योग्यतेची तपासणीही लागते. नोंदणीआधी गाडी चालवायची ती फक्त आधी वेळ घेतलेल्या तपासणीला नेण्यापुरती.

शेवटी व्ही५५/५ हा फॉर्म, परदेशी नोंदणीचा मूळ कागद, तपासणीची प्रमाणपत्रं, ओळख व पत्त्याच्या प्रती, ५५ पौंड नोंदणी शुल्क आणि रस्ताकर, असं सगळं एकत्र करून स्वान्सीच्या डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याकडे पाठवा. मूळ नोंदणीपत्र परत मिळत नाही. नंबर हाती आला की अधिकृत दुकानातून पाट्या करून घ्या, पुढची पांढरी आणि मागची पिवळी, आणि विमा कंपनीला चासी नंबराच्या जागी नवा नंबर लगेच कळवा.